शहरांच्या महागाईचं चित्र



नागपुरात महिना पन्नास हजार मिळवणाऱ्या माणसाला मुंबईत किती मिळाले म्हणजे त्याचं तसंच भागेल? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत विचारला जातो. मुलीला पुण्यात नोकरी लागली की विचारला जातो, बदलीचा हुकूम आला की विचारला जातो, मुलाचं पॅकेज ऐकून शेजारचे काका हिशेब मांडू लागतात तेव्हाही विचारला जातो. आणि त्याचं अधिकृत उत्तर आपल्या देशात कुणाकडेही नाही. महागाईचे आकडे दर महिन्याला येतात, त्यांच्यावर भत्ते ठरतात, रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवते. पण मुंबई नागपूरपेक्षा किती महाग, हे त्या आकड्यांत कुठेच नसतं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या सरांनी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. म्हणून मी आज हाच विषय निवडला: शहरांमधला राहणीमानाच्या खर्चाचा फरक मोजायचा कसा, आणि मोजल्यावर लोकांपुढे मांडायचा कसा. मांडण्याचा भाग मला मोजण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. एका शहराला एकच आकडा दिला की त्या शहरातले बहुतेक रहिवासी त्या आकड्यातून गळून पडतात.

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहू. केंद्र सरकारचा लेबर ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. सध्याच्या मालिकेचं आधारवर्ष २०१६ आहे आणि तिच्यात देशभरातली ८८ केंद्रं आहेत; मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही आपली शहरं त्यांत येतात. प्रत्येक केंद्राचा २०१६ चा निर्देशांक १०० धरलेला आहे. म्हणजे मुंबईही १०० आणि सोलापूरही १००. त्यानंतर जे मोजलं जातं ते फक्त त्या त्या ठिकाणी दर किती वाढले एवढंच. दोन भावंडांपैकी कोण गेल्या वर्षात किती इंच वाढलं हे लिहून ठेवलं, तरी त्यातून उंच कोण ते कळत नाही. निर्देशांकाचं तसंच आहे.

एक काल्पनिक हिशेब करून बघा. समजा, आधारवर्षी मुंबईच्या उपनगरात वन रूम किचनचं भाडं १५,००० रुपये होतं, ते आज १८,००० झालं. नागपुरात तसंच घर ५,००० ला मिळत होतं, ते ६,५०० झालं. भाड्याचा निर्देशांक मुंबईत १२० आणि नागपुरात १३०. दोन्ही घरांच्या भाड्यातला फरक मात्र महिन्याला दहा हजारांचा होता, तो साडेअकरा हजार झाला. नुसता निर्देशांक वाचणारा म्हणेल की नागपूर महाग आहे. वर्तमानपत्रांत राज्यवार महागाईचा रंगीत नकाशा छापून येतो तेव्हा नेमकं हेच घडतं. गडद रंगाचं राज्य महाग, फिक्या रंगाचं स्वस्त, असं आपण वाचतो. नकाशा दाखवत असतो वेग, आणि वाचणाऱ्याला दिसते पातळी. नकाशा काढणाऱ्यानं खाली बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे, यानं यात काही फरक पडत नाही. रंग आधी वाचला जातो.

भारतातल्या या मोजमापाचा जन्म आपल्याच भूमीत झाला, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. पहिल्या महायुद्धानंतर दर भडकले होते, गिरण्यांत संप होत होते. १९२१ साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस सुरू केलं आणि त्याच वर्षी त्याचं ‘लेबर गॅझेट’ निघू लागलं. मुंबईच्या कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक त्यात येई. जुलै १९१४ चे दर १०० धरलेले असत. त्या कार्यालयाचे प्रमुख जी. फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून १९२३ साली अहवाल प्रसिद्ध केला. चाळीतल्या खोलीचं भाडं किती, धान्यावर किती जातं, सावकाराचं व्याज किती, अशी ती चौकशी होती. पुढे अहमदाबाद आणि सोलापूरसाठी वेगळे निर्देशांक निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरणी कामगाराचा महागाई भत्ता या आकड्याशी बांधला गेला, आणि एका सरकारी आकड्यावर लाखो घरांची चूल अवलंबून राहू लागली.

म्हणूनच तो आकडा चुकतोय असं वाटल्यावर कामगार गप्प बसले नाहीत. १९६३ मध्ये मुंबईतल्या कामगार संघटनांनी निर्देशांकाच्या मोजणीवरच आक्षेप घेतला. दुकानात आम्ही जो भाव देतो तो तुमच्या कागदावर दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि पुढे निर्देशांकात दुरुस्ती झाली. एका संख्याशास्त्रीय पद्धतीसाठी कामगार लढले, ही गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पण त्या लढ्यातही प्रश्न काळाचा होता. काल आणि आज यांतला फरक भरून द्या, अशी मागणी होती. मुंबई आणि सोलापूर यांतला फरक कुणी मोजला नाही. तो फरक सरकारनं दुसऱ्याच वाटेनं हाताळला: शहरांचे वर्ग पाडून. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. ५० लाख किंवा अधिक वस्तीचं शहर एक्स, ५ ते ५० लाखांचं वाय, बाकी सगळं झेड. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींवर सरकारनं घेतलेल्या निर्णयानुसार महागाई भत्त्यानं ५० टक्क्यांची पातळी गाठल्यावर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के इतका घरभाडे भत्ता ठरला. सर्वांत कमी मूळ वेतन १८,००० रुपये. म्हणजे त्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याला मुंबईत ५,४०० आणि नागपुरात ३,६००. मुंबई आणि नागपूर यांच्या भाड्यातला फरक शासनाच्या लेखी महिना १,८०० रुपये झाला. मुंबई आणि पुणे यांच्यातला फरक शून्य.

लोकसंख्या हा इथे महागाईचा बदली मापदंड झाला आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाख ४९ हजारांच्या पुढे भरली, आणि १ एप्रिल २०१४ पासून पुणे वायमधून एक्समध्ये गेलं. सुरतची ४५ लाख ८५ हजार भरली, ते वायमध्येच राहिलं. पुण्यातली भाडी हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे आयटी कंपन्या येत गेल्या तशी कितीतरी आधीपासून चढत होती. पण रेषा ओलांडली जाईपर्यंत भत्त्याच्या कोष्टकात पुणे आणि सोलापूर यांच्यासारखी शहरं एकाच पायरीवर मोजली जात होती, आणि त्या कोष्टकात भाड्याचा एकही आकडा नव्हता. आठवा वेतन आयोग आता नेमला गेला आहे. त्यानं ही गोष्ट बदलावी अशी माझी जाहीर मागणी आहे.

गरिबीच्या मोजणीत मात्र थोडा प्रयत्न झाला. तेंडुलकर समितीनं २००९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीनं राज्याराज्यांतल्या दरांचा फरक दारिद्र्यरेषेत आणला. २०११-१२ साठी शहरी भागातली दरडोई मासिक रेषा ओडिशात ८६१ रुपये, बिहारमध्ये ९२३, महाराष्ट्रात १,१२६ आणि गोव्यात १,१३४ होती. रेषा फार खाली आहे, ही टीका तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. आजच्या विषयापुरतं पाहायचं तर एक गोष्ट नजरेत भरते. शहरी महाराष्ट्राला एकच रेषा. धारावीतलं कुटुंब आणि नांदेडमधलं कुटुंब एकाच १,१२६ ला मोजलं गेलं.

मग पातळी मोजता येते का? येते. अमेरिकेच्या सरकारी आर्थिक विश्लेषण विभागानं २०१४ पासून प्रादेशिक किंमत-समतेचे अधिकृत आकडे देणं सुरू केलं. देशाची सरासरी १०० धरायची आणि प्रत्येक राज्य, प्रत्येक महानगर त्या तुलनेत मांडायचं. पहिल्या फेरीतल्या २०१२ च्या आकड्यांत राजधानी वॉशिंग्टनचा जिल्हा ११८.२ वर होता, कॅलिफोर्निया ११२.९ वर आणि मिसिसिपी ८६.४ वर. महानगरांत होनोलुलु, न्यूयॉर्क आणि सॅन होजे हे तिन्ही १२२ किंवा त्याहून वर होते. सॅन होजेचा परिसर आणि न्यू जर्सी इथे मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. तिथला पगार इथे सांगितला जातो तेव्हा हा आकडा सोबत सांगितला जात नाही.

हेच आकडे एका संस्थेनं उलटे करून नकाशावर मांडले, आणि ती युक्ती मला फार आवडते. राज्याचा निर्देशांक लिहिण्याऐवजी १०० डॉलरची तिथली खरी किंमत लिहिली. वॉशिंग्टनमध्ये १०० डॉलरला ८४.६० डॉलरचाच माल, मिसिसिपीत ११५.७४ चा. गणित तेच, भागाकार फक्त उलटा. पण निर्देशांक वाचायला शिकावं लागतं, आणि खिशातल्या नोटेची किंमत कुणालाही लगेच कळते. हाच नकाशा आपल्याकडे ५०० रुपयांच्या नोटेचा करता येईल.

त्या अमेरिकी आकड्यांत शिरून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. टूथपेस्ट, कपडे, दूरचित्रवाणी संच यांचे भाव शहरागणिक फारसे बदलत नाहीत; माल ट्रकनं इकडचा तिकडे जातो आणि भाव जवळ येतात. सेवा थोड्या बदलतात, कारण सेवा देणाऱ्यालाही त्याच शहरात राहायचं असतं. खरा फरक येतो घरभाड्यात. जमीन ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. आपल्याकडेही साबणाच्या वडीवर छापलेली कमाल किंमत कांदिवलीत आणि कारंज्यात तीच असते. म्हणून आपल्याला शेकडो वस्तूंच्या याद्या करत बसण्याची घाई नाही. भाड्याचा नकाशा नीट झाला की शहरांमधल्या फरकाचा मोठा भाग हाती लागतो.

आता चित्राकडे येतो. राहणीखर्चाचं सर्वांत प्रसिद्ध जुनं चित्र विल्यम प्लेफेअरनं काढलं. स्तंभालेख, रेषालेख, वर्तुळालेख ही साधनं ज्याच्या नावावर आहेत तोच हा प्लेफेअर. शेतीच्या दुरवस्थेवर त्यानं १८२१ साली पुस्तक लिहिलं, त्यातल्या एका तक्त्यात १५६५ पासूनचे गव्हाचे भाव उभ्या स्तंभांनी दाखवले आणि खाली कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीची रेषा ओढली. त्याला सांगायचं होतं की मजुरीच्या मानानं गहू पूर्वी इतका स्वस्त कधीच नव्हता. तक्ता देखणा आहे, पण हे त्यातून दिसत नाही. डोळा गव्हाच्या चढउतारातच अडकतो. भाव भागिले मजुरी हा आकडा काढून, म्हणजे एक माप गहू घ्यायला किती आठवडे राबावं लागे, ही एकच रेषा त्यानं ओढली असती तर विधान तत्काळ पटलं असतं. दोनशे वर्षांनंतरही आपण तीच चूक करतो. भाड्याचा एक आलेख, पगाराचा दुसरा, आणि भागाकार वाचणाऱ्यावर सोडलेला.

म्हणून माझा आग्रह असा की शहरांची तुलना रुपयांबरोबर कामाच्या तासांतही व्हावी. एका खोलीचं महिन्याचं भाडं द्यायला सुरक्षारक्षकाला किती दिवस काम करावं लागतं? परिचारिकेला किती? आयटीतल्या नवख्या अभियंत्याला किती? एकाच शहरासाठी तीन वेगळी उत्तरं येतील आणि ती तिन्ही खरी असतील. अभियंत्याला मुंबई परवडते, कारण मुंबईचा त्याचा पगार मुंबईच्या भाड्याबरोबर थोडाफार चढतो. रक्षकाचा पगार तितका चढत नाही.

दुसरी अडचण रंगाची. महानगराचा सगळा प्रदेश एका रंगात भरला की नकाशा खोटा बोलू लागतो. मुंबई महानगर प्रदेश म्हणजे कुलाबा, आणि तोच पालघर, पेण, अलिबागकडेही पसरलेला. त्याला एक रंग कसा द्यायचा? आणि कुलाब्याच्या एका इमारतीतसुद्धा एक रंग पुरत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं गोठलेली भाडी, मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, यांतून पागडीच्या घरात आजही काहीशे रुपये भाडं देणारी कुटुंबं आहेत. त्याच मजल्यावर लीव्ह अँड लायसन्सनं राहणारा त्याच्या शेकडो पट देतो. सरासरी काढली तर ती त्या दोघांपैकी कुणाचीच नसते. तिसरा माणूस हेवी डिपॉझिटवर राहतो, काही लाख एकरकमी देतो आणि महिन्याचं भाडं नाममात्र किंवा शून्य. महिन्याच्या भाड्याच्या तक्त्यात तो फुकट राहतो असं दिसेल. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत मोजली गेली. त्यांचं भाडं तर कुठल्याच तक्त्यात नसतं.

अशा ठिकाणी एका रंगाऐवजी पसारा दाखवावा. प्रत्येक प्रभागासाठी एक आडवी पट्टी: डाव्या टोकाला स्वस्तातल्या चौथाई घरांचं भाडं, मध्ये मधलं भाडं, उजवीकडे महागातल्या चौथाईचं. पट्ट्या एकाखाली एक लावल्या की पाहणाऱ्याला चटकन कळतं, कुठे सगळेच महागात राहतात आणि कुठे दोन जगं शेजारी शेजारी आहेत. मोजपट्टी गुणोत्तराची हवी, म्हणजे दहा हजारांवरून वीस हजार आणि वीसवरून चाळीस ही अंतरं कागदावर सारखीच दिसतील. माणसाला दुप्पट भाडं दुप्पटच जड जातं, मग तो कुठल्याही पायरीवर असो.

भाड्याला जोडून प्रवास मोजला नाही तर चित्र अर्धवट राहतं. अमेरिकेत २००६ पासून घर आणि वाहतूक यांचा खर्च एकत्र मोजणारा एक निर्देशांक निघतो. घरावर उत्पन्नाचे ३० टक्के ही जुनी मर्यादा बाजूला ठेवून दोन्ही मिळून ४५ टक्के अशी त्याची कसोटी आहे. तसं मोजल्यावर तिथली कितीतरी स्वस्त दूरची उपनगरं महाग ठरली, कारण गाडीशिवाय तिथे जगता येत नाही. मुंबईत उलटं आहे. लोकलचा पास स्वस्त असल्यामुळे विरार, बदलापूर, टिटवाळा रुपयांत स्वस्तच राहतात. तिथे किंमत वेळात दिली जाते. विरारहून चर्चगेटला जाऊन येण्यात रोजचे तीन तास गेले, तर आठवड्याच्या सहा दिवसांत अठरा तास. ते हिशेबात धरायचे की नाही? मी म्हणतो धरावेत, आणि रुपयांत न बदलता तासांतच दाखवावेत, नकाशावर वेगळ्या थरात. पुण्यात असाच एक थर पाण्याचा लागेल. शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्यांत उन्हाळा लागला की टँकर येतात आणि देखभाल खर्चात त्याची भर पडते. जाहिरातीत लिहिलेलं भाडं आणि तिथे राहण्याचा खर्च यांत त्यामुळे अंतर पडतं.

हे सगळं करायला माहिती कुठून आणायची, असं तुम्ही विचाराल. महाराष्ट्रात ती आहे, आणि बहुतेक राज्यांत नाही त्या प्रमाणात आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. आता ही नोंदणी ऑनलाइन होते. त्या प्रत्येक करारात घराचा पत्ता, भाडं, डिपॉझिट आणि मुदत असते. मुद्रांक शुल्कच भाडं आणि डिपॉझिट यांच्यावर आकारलं जातं, त्यामुळे हे रकाने रिकामे राहू शकत नाहीत. ही नोंदणी करणारा सरकारी विभागच दर वर्षी विभागवार रेडी रेकनरचे, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्यांकनाचे, दर जाहीर करतो. विक्रीचे दर सरकार गल्लीनिहाय छापतं. भाड्याचे आकडे त्याच कपाटात पडून आहेत. नावं आणि घरक्रमांक वगळून, प्रभागनिहाय मधलं भाडं आणि करारांची संख्या एवढंच दर तिमाहीला प्रसिद्ध करा. वेतन आयोग, विद्यापीठं, वसतिगृहं, बदलीवर निघालेला हवालदार, सगळ्यांना ते वापरता येईल.

या नोंदींत त्रुटी असतील. काही जण भाड्याचा एक भाग करारात न दाखवता रोख घेतात. नोंदणी महाग घरांची जास्त होते. एकाच खोलीत सहा मुलं कॉट बेसिसवर राहतात, त्यांचा करार एकाच्या नावावर असतो किंवा नसतोच. म्हणून नोंदणीच्या आकड्यांना प्रत्यक्ष पाहणीची जोड हवी, आणि ते काम महाविद्यालयांच्या संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी अंगावर घ्यावं. पहिल्या वर्षी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि सोलापूर या पाचच शहरांत केलं तरी पुरे. एकाच आठवड्यात, एकाच यादीनं: खानावळीचा महिन्याचा डबा, दुधाची पिशवी, धुणीभांड्याच्या बाईंचा महिना, रिक्षाचं पहिल्या टप्प्याचं भाडं, शिकवणीची फी. दरासोबत तारीख आणि ठिकाण लिहावं, आणि मूळ नोंदी कुणालाही पाहता याव्यात. १९६३ चा वाद मूळ भावांवरूनच उभा राहिला होता, हे ध्यानात ठेवून ही शेवटची अट मी घालतो.

सर्वांत अवघड काम वस्त्यांचं आहे. तिथल्या खोलीच्या भाड्याचा कागद बहुधा कुठेच नसतो, त्यामुळे दारात जाऊन विचारावं लागेल. विचारताना ‘भाडं किती’ एवढ्या एका प्रश्नावर थांबू नये. खोलीचे पैसे, डिपॉझिट, विजेचे पैसे आणि पाण्याचे पैसे हे चार प्रश्न वेगळे विचारावेत, कारण तिथे हे पैसे पुष्कळदा वेगवेगळ्या माणसांच्या हातात द्यावे लागतात.